सिद्धांत आधी की दाखला आधी? : मराठी निबंधगद्यातील परिच्छेदाची घडण

मराठी निबंधाचा इतिहास सांगताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने मराठी गद्याला बांधेसूद परिच्छेद दिला, हे विधान जवळजवळ गृहीत धरले जाते. ते चुकीचे नाही. पण त्याच्या पोटात दुसरे एक विधान दडलेले असते आणि ते सहसा तपासले जात नाही. मालाकारांच्या आधीचे व त्यांच्या रिंगणाबाहेरचे गद्य अघडित, पसरट, विस्कळीत होते, हे ते दुसरे विधान. 'बांधेसूद' म्हणजे काय, याचा निकष येथे कोठून आला? ज्या परिच्छेदात मुख्य विधान आरंभी येते आणि पुढील वाक्ये त्याचे समर्थन करतात तो बांधेसूद. ज्यात तपशील साचत जातात आणि विधान शेवटी येते, किंवा येतच नाही, तो सैल. हा निकष इतका अंगवळणी पडला आहे की, तो विशिष्ट काळी, विशिष्ट भाषेच्या अध्यापनातून निर्माण झाला याचे भान समीक्षेला राहिलेले नाही. त्याचा सर्वांत मोठा फटका जोतीराव फुले यांच्या गद्याच्या मूल्यमापनाला बसला.

परिभाषेचा थोडा खुलासा प्रथम आवश्यक आहे. अध्यापनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत दाखल्यांकडून नियमाकडे जाणारी पद्धती 'उद्गामी' आणि नियमाकडून दाखल्यांकडे येणारी 'अवगामी' म्हणून ओळखली जाते. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत याच जोडीला 'विगमन' आणि 'निगमन' अशी नावे आहेत. यांतील 'निगमन' हा शब्द न्यायदर्शनातून उचललेला आहे आणि उचलताना त्याचा अर्थ बदलला आहे. न्यायसूत्रांत प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे अनुमानवाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत. तेथे निगमन हा केवळ पाचवा अवयव, सिद्ध झालेल्या प्रतिज्ञेचा पुनरुच्चार. आधुनिक परिभाषेने एका अवयवाचे नाव संपूर्ण पद्धतीला दिले. त्यामुळे मूळ रचनेतील एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड झाली : तेथे सिद्धांत आरंभीही आहे आणि शेवटीही आहे. पर्वतावर अग्नी आहे, हे प्रतिज्ञेत सांगायचे. धूर हा हेतू द्यायचा. स्वयंपाकघराचे उदाहरण देऊन धूर-अग्नीची व्याप्ती दाखवायची. ती पर्वताला लावायची. आणि म्हणून पर्वतावर अग्नी आहे, असे पुन्हा सांगायचे. ही रचना निव्वळ उद्गामी नाही, निव्वळ अवगामीही नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे तो नैयायिकांनी केलेला स्वार्थानुमान आणि परार्थानुमान हा भेद. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त तो सुबोधपणे मांडलेला आहे. मनुष्य स्वतःसाठी अनुमान करतो तेव्हा तो स्वयंपाकघरादी ठिकाणी धूर आणि अग्नी वारंवार एकत्र पाहतो, व्याप्ती ग्रहण करतो, मग पर्वतावरील धूर पाहून त्याला अग्नीचे ज्ञान होते. येथे पाच अवयवांची गरज नाही. ती भासते ते दुसऱ्याला पटवून देताना. शोधाचा क्रम आणि सांगण्याचा क्रम या दोन निराळ्या बाबी आहेत, हे या भेदाने स्पष्ट होते. परिच्छेद ही परार्थ रचना आहे. तेव्हा एखाद्या लेखकाचा परिच्छेद उद्गामी आहे एवढ्यावरून त्याची विचारपद्धती अनुभवनिष्ठ ठरत नाही, आणि अवगामी आहे एवढ्यावरून ती पोथीनिष्ठही ठरत नाही. सिद्धांत कोठे ठेवायचा हे ठरते ते समोर कोण बसले आहे आणि त्याला काय मान्य आहे, यावरून. मराठी गद्याच्या इतिहासात याचे दाखले आरंभापासून सापडतात.

'लीळाचरित्र', 'सूत्रपाठ' आणि 'दृष्टांतपाठ' हे तीन महानुभावीय ग्रंथ एकत्र ठेवून वाचले म्हणजे परिच्छेदरचनेचा एक प्रयोगच समोर उलगडतो. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांतील लीळा बहुधा एखाद्या साध्या घटनेपासून सुरू होते : कोणी तरी येते, काही विचारते, कोठे तरी वाटेत काही घडते; आणि प्रसंगाच्या ओघात सर्वज्ञांचे वचन येते. वचन प्रसंगाचे फळ असते. केसोबासांनी अशी वचने प्रसंगातून वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. प्रसंग गळाला, सूत्र उरले. 'दृष्टांतपाठा'त त्यांनी तिसरीच रचना केली. तेथे प्रथम सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टांताचा प्रस्तुत विषयाशी अन्वय. 'लीळाचरित्रा'त शेवटी येणारे वचन येथे आरंभी आले. एकाच गुरूच्या वाणीचे, एकाच पंथाच्या पहिल्या पिढ्यांत, उद्गामी आणि अवगामी असे दोन्ही विन्यास झाले. कारण उघड आहे. 'लीळाचरित्र' ही स्मृती आहे. तिला प्रसंग जपायचा आहे. 'दृष्टांतपाठ' हे अध्ययनाचे साधन आहे. त्याचा वाचक अनुयायी आहे, सूत्राचे प्रामाण्य त्याला आधीच मान्य आहे, त्याला हवा आहे तो अर्थ.

मात्र या बदलाची किंमत पंथाला मोजावी लागली. सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले गेले हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ निश्चित होईना. आणि मग सूत्रांचे प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' निर्माण झाले. दाखल्यापासून तोडलेला सिद्धांत पुन्हा दाखल्याकडे परतला. बेकनने सतराव्या शतकाच्या आरंभी सूत्ररूप लेखनाची बाजू घेतली होती, ती सूत्र अपुरे असते आणि म्हणून पुढील शोधाला आमंत्रण देते या कारणासाठी. महानुभावांचा अनुभव तसाच आहे, फक्त तेथे शोध निसर्गाचा नसून प्रसंगाचा आहे. 'दृष्टांतपाठा'त जन्मांध आणि हत्ती यांचा प्रसिद्ध दृष्टांत येतो. एकेका अवयवाला हात लावून संपूर्ण हत्तीविषयी निर्णय देणारे ते अंध म्हणजे फसलेल्या विगमनाचे चित्रच होय. तुटपुंज्या दाखल्यांवरून सामान्य विधानाकडे झेप घेण्यातला धोका दाखवण्यासाठी केसोबासांनी वापरलेली रचना मात्र अवगामी आहे. गंमत अशी की, या रचनेत तो धोका अधिक ठसतो. कारण वाचकाला संपूर्ण हत्ती आधीच दिसलेला असतो.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. महानुभावीय गद्याचा एकोणिसाव्या शतकातील निबंधावर प्रभाव पडला, असा दावा करता येणार नाही. त्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होत्या आणि त्यांची किल्ली अभ्यासकांच्या हाती विसाव्या शतकात आली. चिपळूणकर, आगरकर, फुले यांपैकी कोणालाही हे गद्य उपलब्ध नव्हते. निष्पन्न होते ते एवढेच की, दोन्ही विन्यास मराठीला इंग्रजी शिक्षणाने प्रथम दिले हे खरे नाही.

एकोणिसाव्या शतकातील लेखकांना वारशाने खरोखर मिळाले ते दप्तरी गद्य. मोडी पत्रव्यवहारात आधी हकीकत येते, मग 'ऐशियास' किंवा 'त्यावरून' यांसारख्या शब्दाने वळण घेतले जाते आणि 'तरी' या शब्दानंतर आज्ञा किंवा विनंती येते. हा निखळ उद्गामी विन्यास आहे आणि त्याला मराठी वाक्यरचनेचा पाठिंबा आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. 'जो-तो', 'जेव्हा-तेव्हा' या रचनांत अट आधी आणि निर्णय नंतर येतो. वाक्य पुरे होईपर्यंत होकार की नकार हे कळत नाही. इंग्रजीत मुख्य वाक्यांश पुढे ठेवून बाकीचे पसारे मागे जोडण्याची जी सोय सहज आहे, ती मराठीला 'की'च्या साहाय्याने साधावी लागते. परिच्छेदाचा विन्यास वाक्याच्या विन्यासाने ठरतो असे नव्हे; परंतु निर्णय शेवटासाठी राखून ठेवण्याची सवय मराठी कानाला होती, एवढे नक्की म्हणता येते.

परिच्छेद हे डोळ्यांना दिसणारे एकक मात्र छापखान्याबरोबर आले. हस्तलिखितात ओळी सलग चालत. शब्दांतही अंतर नसे. 'परिच्छेद' हा शब्दही जुना असला तरी त्याचा अर्थ निराळा होता : विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'चे दहा परिच्छेद म्हणजे दहा प्रकरणे. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'त १८३२ पासून इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. मराठी गद्याला स्वतःची आकृती इंग्रजी गद्याच्या आकृतीशेजारी पाहण्याचा हा पहिला नियमित प्रसंग होय. त्याच्याही आधी, १८२८ मध्ये, सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीति' आली आणि गोष्ट आधी, तात्पर्य शेवटी हा विन्यास शाळकरी मुलांच्या पिढ्यांवर ठसला. 'दृष्टांतपाठा'च्या अगदी उलट. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ पासून 'प्रभाकरा'त येऊ लागली, तेव्हा त्यांचा वाचक या दोन्ही संस्कारांतून तयार झालेला होता. लोकहितवादींच्या पत्रांत पाहिलेली, ऐकलेली गोष्ट, तिच्यावरचा त्रागा आणि एखादे कडक विधान यांचा क्रम निश्चित नाही. ते घाईने लिहितात. कधी निष्कर्ष पहिल्याच वाक्यात येऊन पडतो, कधी मधेच निसटतो. ही रचना नव्हे, बोलण्याची लकब आहे, आणि तिचे बळ त्या लकबीत आहे.

परिच्छेदाचे शास्त्र इंग्रजीतही जुने नाही. ते पद्धतशीरपणे प्रथम मांडले ॲबर्डीन येथील तर्कशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी, १८६६ च्या आपल्या रचनाशास्त्रावरील पाठ्यपुस्तकात. आरंभीचे वाक्य स्पष्टपणे केवळ पूर्वतयारीचे नसेल, तर त्याने परिच्छेदाचा विषय सूचित करावा, असा त्यांचा एक नियम आहे. पुढे शालेय पुस्तकांत त्याचे रूपांतर 'विषयवाक्य आधी' या आज्ञेत झाले. याच बेन यांनी १८७० मध्ये निगामी आणि विगामी तर्कशास्त्रावर ग्रंथ लिहिला, ही गोष्ट बोलकी आहे. त्यांच्या परिच्छेदनियमांची चिकित्सा करताना पॉल रॉजर्स यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, हे नियम बेन यांनी प्रत्यक्ष गद्याच्या निरीक्षणातून काढण्याऐवजी वाक्याविषयीच्या कल्पनांतून ओढून काढले होते. पुढे १९७४ मध्ये रिचर्ड ब्रॅडक यांनी समकालीन अमेरिकन नियतकालिकांतील २५ निबंध घेऊन परिच्छेद मोजले, तेव्हा सुमारे १३ टक्केच परिच्छेदांच्या आरंभी विषयवाक्य सापडले. म्हणजे विषयवाक्याचा नियम ज्या गद्यपरंपरेचा म्हणून सांगितला जातो, त्या परंपरेतील व्यावसायिक लेखकही तो क्वचितच पाळतात. नियम लिहिणाऱ्याच्या सरावातून आला नाही. तपासणाऱ्याच्या सोयीतून टिकला.

चिपळूणकरांनी बेन वाचले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे; त्यांचा आदर्श मेकॉले होता आणि जॉन्सन, ॲडिसन हे त्यांच्या वाचनातले नित्याचे लेखक होते. १८७४ च्या जानेवारीत 'निबंधमाला' सुरू झाली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले. मेकॉलेच्या परिच्छेदाची चाल ठराविक आहे : ठाम सामान्य विधान, मग निरनिराळ्या देशांतील आणि काळांतील दाखल्यांची रांग, विरोधी कल्पनांचे पारडे वर-खाली, आणि अखेर त्याच विधानाचा अधिक धारदार पुनरुच्चार. चिपळूणकरांनी ही चाल मराठीत आणली तेव्हा ती उपरी वाटली नाही, याचे कारण ती जुन्या ओळखीची होती. आरंभी प्रतिज्ञा, मध्ये उदाहरणे, शेवटी निगमन. संस्कृत शास्त्रार्थाच्या घरात वाढलेल्या पंडिताला मेकॉलेमध्ये पंचावयव वाक्याचा पडसाद ऐकू आला असल्यास आश्चर्य नाही. मालेतील परिच्छेदाच्या यशाचे श्रेय केवळ इंग्रजीला देणारे आणि केवळ मालाकारांच्या प्रतिभेला देणारे, असे दोन्ही पक्ष हा दुवा विसरतात.

परंतु न्यायातील पंचावयव वाक्य आणि मेकॉलेचा परिच्छेद यांत एक मूलभूत अंतर आहे. नैयायिकाला उदाहरण देताना व्याप्ती सिद्ध करावी लागते. प्रतिवादी व्यभिचार दाखवील याची धास्ती असते. मेकॉलेच्या परिच्छेदातले दाखले विधानाला सजवतात, त्याची परीक्षा घेत नाहीत. दाखला कितीही जोडता येतो, म्हणून तो कितीही गाळता येतो. 'निबंधमाले'तील कित्येक जागी हेच घडते : विधानाचा सूर लागलेला असतो आणि दाखले त्या सुरात मिसळत जातात. वाचकाची मान डोलते. हा वाचक शहरातला, इंग्रजी शिकलेला, स्वत्वाच्या शोधात असलेला तरुण होता. त्याला विधान आधीच हवे होते. या लेखनाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही, पण ते सामर्थ्य सिद्धीचे नसून समाधानाचे आहे, हेही म्हटले पाहिजे.

याच मालेत फुले यांच्या लेखनाची खिल्ली उडवली गेली आणि तिचा रोख बराचसा भाषेवर व व्याकरणावर होता. तेव्हापासून फुले यांचे विचार क्रांतिकारक, पण गद्य ओबडधोबड, अशी वाटणी मराठी समीक्षेत स्थिरावली. त्यांच्याविषयी आदर असलेल्यांनीही ती पुष्कळदा स्वीकारली. परिच्छेदाच्या दृष्टीने ती पुन्हा तपासली पाहिजे.

'शेतकऱ्याचा असूड' हा पाच प्रकरणांचा ग्रंथ १८८३ मध्ये लिहून झाला. त्याच्या उपोद्घातावरून कळते की, छापण्यापूर्वी तो पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर इत्यादी ठिकाणी लोकांसमोर वाचून दाखवला गेला आणि सयाजीराव गायकवाड महाराजांनीही तो ऐकला. या एका गोष्टीने पुष्कळ उलगडा होतो. ऐकणाऱ्याला परिच्छेदाची मोकळी जागा दिसत नाही. त्याच्यासाठी रचना करायची ती आवाजाने, पुनरावृत्तीने, साखळीने. शिवाय हा श्रोता मालाकारांच्या वाचकासारखा विधान आधीच मान्य असलेला नव्हता. शेतकऱ्याच्या दैन्याचे कारण भटशाही आणि नोकरशाही यांच्या संगनमतात आहे, हे विधान आरंभीच मांडले असते तर गावच्या चावडीवरच्या कित्येकांनी कानांवर हात ठेवले असते. कारण ज्या कर्मकांडाविषयी बोलायचे ते त्यांच्या घरचे होते.

म्हणून पहिल्या प्रकरणात फुले शेतकऱ्याच्या आयुष्यातील विधी एकामागून एक मोजतात : जन्माच्या आधीपासून मरणानंतरपर्यंत, सण, व्रते, ग्रहणे, घरबांधणी, लग्ने, प्रत्येक ठिकाणी किती आणि काय द्यावे लागते. वाक्ये लांबत जातात, कलमांमागून कलमे येतात, क्रियापद दूर राहते. यालाच पसरटपणा म्हटले गेले. वास्तविक ही दाखल्यांची अशी रांग आहे की, ती लांब असणे हाच तिचा अर्थ आहे. एक विधी म्हणजे श्रद्धा; चार म्हणजे चाल; आयुष्यभर न खंडणारी रांग म्हणजे वसुली. हा निष्कर्ष श्रोत्याने स्वतः मोजून काढायचा आहे. मेकॉलेच्या परिच्छेदातून दोन दाखले काढले तर काही बिघडत नाही. येथे काढले तर पुरावा कमी पडतो. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर फुले श्रोत्याला परार्थानुमान ऐकवत नाहीत, त्याच्याकडून स्वार्थानुमान करवून घेतात. आणि त्या श्रोत्याला प्रत्येक दाखला तपासता येतो, कारण तो त्याच्याच घरातला आहे.

याच ग्रंथाच्या उपोद्घाताच्या आरंभीचा प्रसिद्ध पद्यखंड या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. विद्येच्या अभावापासून सुरू होणारी हानीची साखळी तेथे पायरीपायरीने खाली उतरते, प्रत्येक परिणाम पुढच्या पायरीचे कारण होतो, आणि शेवटी सर्व अनर्थांचे खापर एका अविद्येवर फुटते. आरंभी जे कारण सहज उच्चारले गेले तेच शेवटी निर्णय म्हणून परत येते. प्रतिज्ञा आणि निगमन यांच्यामधली ही जागा कार्यकारणांनी भरलेली आहे, अलंकारांनी नव्हे. ज्याच्या हाती एवढी कसलेली रचना आहे, त्याचे पुढील गद्य रचनेच्या अज्ञानामुळे पसरले असे मानणे कठीण आहे. त्यातले सर्वच पसरलेपण हेतुपूर्वक आहे, असा दावा मात्र करू नये; काही जागी राग रचनेच्या पुढे धावतो आणि मोजणी विसरली जाते. 'गुलामगिरी'त (१८७३) धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादामुळे हा तोल अधिक सांभाळला गेला आहे, कारण शंका विचारणारा समोर असला की दाखला टाळता येत नाही.

आगरकरांविषयीची रूढ कल्पना बरोबर उलट दिशेने दुरुस्त करावी लागते. मिल आणि स्पेन्सर यांचा हा वाचक, बुद्धिप्रामाण्याचा पुरस्कर्ता. तेव्हा त्यांचे गद्य विगामी असणार, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात 'सुधारका'तील (१८८८ पासून) त्यांचे निबंध पुष्कळदा मानवी समाज, विकास किंवा विकार यांविषयीच्या व्यापक विधानाने सुरू होतात आणि तेथून महाराष्ट्रातील रूढीपर्यंत खाली येतात. 'देवतोत्पत्ति'सारख्या निबंधात मानवशास्त्रीय दाखले भरपूर आहेत, पण ते स्पेन्सरच्या उपपत्तीने आधीच ओवलेले आहेत. मिलने १८४३ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, खरे अनुमान विशिष्टाकडून विशिष्टाकडेच जाते आणि सामान्य विधान ही वाटेतली टिपण असते. आगरकरांच्या परिच्छेदात ती टिपण प्रवेशद्वारावर लावलेली आढळते. याचे कारणही वाचकात आहे. शास्त्रवचनाला प्रमाण मानणाऱ्या वाचकासमोर दुसरे, तितकेच उंच प्रमाण उभे करणे त्यांना भाग होते. निसर्गनियम हे त्यांचे श्रुतिवचन झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'वाक्यमीमांसे'त वाक्याचे पृथक्करण आहे. विवेचन वाक्यापाशी थांबते. परिच्छेदाची मीमांसा आगरकरांनी केली असती तर काय केली असती, याचे कुतूहल राहते.

टिळकांचा प्रकार वकिली आहे. १८९७ च्या 'केसरी'तील प्रसिद्ध अग्रलेखाचे शीर्षक प्रश्नार्थक आहे : सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? विधान केलेले नाही, पण वाचकाला उत्तर ठाऊक आहे; आणि राजद्रोहाच्या कायद्याच्या छायेत लिहिणाऱ्याला सिद्धांत उच्चारण्यापेक्षा तो वाचकाच्या तोंडी ठेवणे अधिक सोयीचे होते. येथे उद्गामी विन्यासाचे कारण तर्कशास्त्रात शोधून सापडणार नाही. पुढे 'गीतारहस्या'त (१९१५) ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी त्यांनी मीमांसकांच्या सात कसोट्या स्वीकारल्या, त्यांत पहिली जोडी उपक्रम आणि उपसंहार यांची आहे. आरंभ आणि शेवट यांचा मेळ बसतो तेथे तात्पर्य. वाचनाची ही रीत रूढ असलेल्या परंपरेत 'विषयवाक्य फक्त आधी' हा नियम अपुरा ठरावा, हे स्वाभाविक होते.

निखळ विगमनाचा मान बहुधा राजवाड्यांना दिला जातो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत आणि त्यांना जोडलेली पानिपतापर्यंतच्या घडामोडींची चिकित्सा करणारी विस्तृत प्रस्तावना आहे. पत्राची तिथी ठरवायची, मुक्काम जुळवायचे, ग्रँट डफची विधाने त्यांवर घासून पाहायची, असा हा उद्योग आहे. परिच्छेदापुरते राजवाडे दप्तरी गद्याचे वारस आहेत : हकीकत आधी, 'त्यावरून' मध्ये, निर्णय शेवटी. आणि मग, कधी कधी त्याच पानावर, चार पत्रांच्या पायावर संपूर्ण समाजाच्या इतिहासाची इमारत उभी राहते. 'दृष्टांतपाठा'तील हत्ती येथे आठवल्यास तो राजवाड्यांचा अनादर होणार नाही. पण त्यांनी एक गोष्ट अशी केली की, जी त्यांच्या आधीच्या कोणत्याही निबंधकाराला करता आली नव्हती. प्रस्तावनेतील निष्कर्ष वाचकाला आधी भेटतात, आणि ज्यांवरून ते काढले ती पत्रे मागे, संपूर्ण, लेखकाला गैरसोयीच्या मजकुरासह छापलेली असतात. त्यामुळे शेजवलकरांना पुढे १९४६ मध्ये पानिपतावर लिहिताना, आणि त्यांच्यानंतरच्या कोणालाही, प्रस्तावना बाजूला ठेवून पत्रांपासून पुन्हा सुरुवात करता आली.